नेपोलियन, वेलस्ली आणि दख्खनचे बैल



पत्रिकेवर आजचा विषय ‘नेपोलियन बोनापार्ट : जीवन आणि वारसा’ असा छापला आहे. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर जन्मलेला, फ्रान्सचा सम्राट झालेला आणि अटलांटिकमधल्या दुसऱ्या बेटावर कैदेत मेलेला माणूस. त्याचा काष्टीशी संबंध काय? श्रीगोंदा तालुक्याने त्याची दखल का घ्यावी?

उत्तर शोधायला पॅरिसला जावे लागत नाही. नगरच्या वाटेवर वाळकी आहे. १८०३ सालच्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या वाळकीला इंग्रजांची छावणी पडली होती. पाऊस लागून राहिलेला, तोफांची चाके चिखलात रुतलेली, सेनापती उघडीप मिळण्याची वाट पाहत बसलेला. ८ ऑगस्टला त्याने तळ हलवला, त्याच दिवशी नगरची पेठ घेतली आणि १२ तारखेला किल्ला. सेनापतीचे नाव आर्थर वेलस्ली, वय ३४. बारा वर्षांनी, १८ जून १८१५ रोजी, बेल्जियममधल्या वॉटर्लूच्या माळावर नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला, तेव्हा समोरच्या टेकाडावर हाच माणूस उभा होता. तोवर जग त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणू लागले होते.

दोघांचे जन्मवर्ष एकच, १७६९. एक युरोपात शिकला, दुसरा लढाईची खरी शाळा दख्खनमध्ये शिकला. म्हणून आज तीन गोष्टी पाहायच्या आहेत. नेपोलियन वर कसा आला, त्याला खाली कशाने आणले आणि त्याच्या मागे काय टिकले. पहिली गोष्ट भराभर सांगता येईल. दुसरीपाशी मात्र थांबावे लागेल, कारण तिचा अर्धा भाग आपल्या मातीत घडला आहे.

नेपोलियन कॉर्सिकाचा. त्याच्या जन्माच्या आदल्याच वर्षी ते बेट फ्रान्सच्या ताब्यात आले होते. घराणे खानदानी, पण हाताशी पैसा बेताचा. नवव्या वर्षी मुलाला फ्रान्समध्ये लष्करी शाळेत घातले. फ्रेंच बोलताना त्याचे उच्चार अडखळत, मुले चिडवत. गणितात मात्र तो पक्का होता आणि गणित ज्याला येते त्याला तोफखान्यात जागा होती. १७८५ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो तोफखान्यात अधिकारी झाला. चार वर्षांनी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. उमराव अधिकारी देश सोडून पळाले, वरच्या जागा रिकाम्या पडल्या. १७९३ मध्ये तुलाँ बंदराच्या वेढ्यात या तरुणाने तोफा नेमक्या कुठे चढवायच्या ते हेरले, इंग्रजी आरमाराला बंदर सोडायला लावले आणि २४ व्या वर्षी तो जनरल झाला.

जुन्या राजवटीत हे शक्य होते का? मुळीच नाही. क्रांतीने दार उघडले आणि नेपोलियन त्या दारातून आत शिरला. पुढे त्याच्या फौजेत खानावळवाल्याचा मुलगा म्युरा मार्शल झाला, पिंपे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा ने मार्शल झाला. कर्तबगारी दाखवेल त्याला पद, या एका गोष्टीने त्या फौजेत जो हुरूप आला, तो समोरच्या राजेरजवाड्यांच्या फौजांत आणणे कुणालाच जमले नाही.

आता १७९५ हे साल पाहा, कारण इथे दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवण्यासारख्या आहेत.

त्या वर्षी मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला, मराठे आणि निजाम समोरासमोर आले. सवाई माधवराव पेशवे स्वतः मोहिमेवर होते, कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी होता पेरॉन, फ्रेंच माणूस. निजामाच्या कवायती फौजेचा सेनानी होता रेमंड, तोही फ्रेंचच. होळकरांच्या पलटणींवरही फ्रेंच अधिकारी. खर्ड्याच्या माळावर मराठ्यांचा जय झाला. निजाम खर्ड्याच्या गढीत अडकला आणि त्याला तह करावा लागला. पण त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या कवायती पायदळाला हुकूम सुटत होते ते फ्रान्समधून पोट भरायला आलेल्या माणसांच्या तोंडून.

आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये नेपोलियन काय करत होता? तो रिकामा बसला होता. मिळालेली नेमणूक त्याने नाकारली म्हणून सप्टेंबरमध्ये त्याचे नाव सेनाधिकाऱ्यांच्या यादीतून काढले गेले. तेव्हा त्याने तुर्कस्तानच्या सुलतानाकडे जाऊन त्याचा तोफखाना उभारून देण्याची परवानगी मागितली होती! म्हणजे तोही पूर्वेकडच्या एखाद्या दरबारात पगारी कवायत-मास्तर व्हायला निघाला होता. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या रस्त्यावर बंड उसळले, सरकारला तोफा चालवणारा माणूस हवा होता आणि नेपोलियनची वाट बदलली. पुढच्या वर्षी इटलीची मोहीम, १७९८ मध्ये इजिप्त, ९ नोव्हेंबर १७९९ रोजी सत्ता हातात आणि २ डिसेंबर १८०४ रोजी डोक्यावर मुकुट. तोही त्याने आपल्या हाताने घातला.

इजिप्तमधून त्याची नजर आपल्याकडे वळली होती. १७९९ च्या जानेवारीत त्याने कैरोहून टिपू सुलतानाला पत्र लिहिले की, विश्वासाचा माणूस सुएझला पाठवा, बोलणी करू. पत्र वाटेतच इंग्रजांच्या हाती लागले. ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू लढता लढता मारला गेला आणि त्या शहराचा कारभार ज्याच्याकडे दिला तो होता आर्थर वेलस्ली. त्याचा थोरला भाऊ रिचर्ड कलकत्त्याला गव्हर्नर जनरल. नेपोलियनचे नाव घेतले की लंडनहून फौज आणि पैसा मिळतो, हे या भावाने चांगले ओळखले होते. शिंद्यांच्या फौजेत फ्रेंच अधिकारी आहेत, उद्या नेपोलियन आला तर दिल्ली त्याच्या हवाली होईल, ही भीती त्याने कागदोपत्री वारंवार मांडली. ती अगदीच पोकळ नव्हती. १८०३ च्या जुलैमध्ये नेपोलियनने धाडलेला जनरल दकाँ पाँडिचेरीच्या किनाऱ्याला आला होता. इंग्रजांनी बंदर त्याच्या ताब्यात दिले नाही आणि तो मॉरिशसकडे निघून गेला. पुढच्याच महिन्यात वेलस्ली वाळकीला होता.

इथे महादजी शिंद्यांची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. श्रीगोंदा ही शिंद्यांची जहागीर, जामगावला महादजींचा वाडा. पानिपतातून पायाला जखम घेऊन परतलेल्या या पुरुषाने पंचवीस वर्षांत उत्तर हिंदुस्थानावर पुन्हा मराठी जरब बसवली. बंदूकधारी, कवायत केलेले पायदळ आणि हलक्या तोफा यांच्यापुढे नुसत्या घोडदळाचा काळ संपत आला आहे, हे त्यांनी आपल्या काळातल्या इतर सरदारांच्या आधी ओळखले. १७८४ मध्ये सव्हॉयचा बेनॉय डी बॉइन त्यांच्या चाकरीत आला. त्याने पलटणी उभ्या केल्या, आग्ऱ्याला तोफा ओतल्या आणि एक अट घातली : शिपायाचा पगार वेळेवर झाला पाहिजे. त्यासाठी दुआबातला मुलूखच फौजेच्या खर्चाला लावून दिला. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे या पायदळाने राजपूत घोडदळाची झुंड अडवून दाखवली. हे काम नेपोलियनच्या इटलीच्या मोहिमेआधीचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

मग चुकले कुठे? महादजींनी पलटणी उभ्या केल्या, पण त्या पलटणींचे अधिकारी तयार करणारी शाळा उभी राहिली नाही. फेब्रुवारी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला महादजी गेले. पुढे दीड-दोन वर्षांत डी बॉइनने चाकरी सोडली आणि आपली मिळकत घेऊन तो युरोपात परतला. शॅम्बेरी या त्याच्या गावात त्याच्या स्मारकाचे कारंजे आजही उभे आहे आणि त्यावर चार हत्ती कोरलेले आहेत. मागे राहिला पेरॉन. १८०३ मध्ये लढाई जुंपताच इंग्रजांनी जाहीरनामा काढला की, शिंद्यांची चाकरी सोडून येईल त्या गोऱ्या अधिकाऱ्याची सोय आम्ही करू. एकेक जण निघून गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला अलीगढ पडले आणि पेरॉन स्वतः इंग्रजांच्या आश्रयाला गेला. शिपाई जागेवर होते, तोफा जागेवर होत्या. हुकूम देणारे गेले होते.

त्याआधी महिनाभर नगरची पेठ पडली होती. पेठेच्या तटावर अरबांचे पथक होते, शिंद्यांची कवायती पलटण होती. शिड्या लावून इंग्रज फौज तटावर चढली. त्यांच्या छावणीत पेशव्यांच्या बाजूचे सरदार गोखले होते. त्यांनी आपल्या माणसांना कळवले ते साधारण असे : हे इंग्रज अजब आहेत, सकाळी आले, पेठेचा तट पाहिला, त्यावरून चालत गेले, आतल्यांना मारले आणि न्याहारीला परत आले. या कळवण्यात कौतुक आहे आणि धास्तीही आहे.

आता बैलांकडे येऊ. वेलस्लीने इथे गिरवलेला तो पहिला धडा. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ही गोष्ट कोणत्याही इतिहासकारापेक्षा लवकर उमजेल.

वेलस्लीची दख्खनमधली पत्रे पाहिली तर त्यांत शौर्याची भाषा फार थोडी सापडते. सापडतात ते बैल. किती बैल आले, किती मेले, हाकणारे कोण, वैरण कुठे, तांदळाची पोती किती, बंजाऱ्यांचे तांडे कुठवर पोहोचले. चांगले बैल असतील तर मी हलू शकतो आणि हलू शकलो तर शत्रूला हरवू शकतो, असा त्याचा हिशेब होता. तोफ ओढणारा बैल म्हणजे नांगराचा बैल नव्हे. उंच, सडपातळ, खुराने घट्ट आणि मजल मारताना मान न टाकणारा बैल लागतो. म्हैसूरला हैदर-टिपूंनी अशी जात जोपासली होती, अमृतमहाल. श्रीरंगपट्टण पडल्यावर तो गोठा इंग्रजांकडे आला आणि टिपूच्या बैलांनी इंग्रजांच्या तोफा दख्खनभर ओढल्या. एप्रिल १८०३ मध्ये वेलस्ली म्हैसूरच्या सरहद्दीवरून पुण्याला पोहोचला, तेव्हा शेवटची साठ मैलांची मजल त्याने घोडदळ घेऊन ३२ तासांत मारली. पण मागून येणाऱ्या तोफा आणि धान्य बैलांच्याच मानेवर होते.

दुसरा धडा धान्याचा. ज्या मुलखातून जायचे त्या मुलखात लूट करायची नाही, बाजारभावाने धान्य घ्यायचे, लुटणाऱ्या शिपायाला जागेवर शिक्षा. यात भूतदया किती आणि हिशेब किती, हे प्रत्येकाने ठरवावे. लुटलेल्या गावात पुढच्या खेपेला दाणा मिळत नाही, हे त्याला कळले होते. नगर जिल्ह्यावर तेव्हा किती वाईट वेळ आली होती! होळकर-शिंद्यांच्या फौजांची येजा, त्यात पुढे पावसानेही ओढ दिली. १८०३-०४ चा दुष्काळ या जिल्ह्याच्या स्मृतीत खोल रुतला आहे. माणसे गाव टाकून गेली. फौजा लढतात तेव्हा आधी कणगी रिकामी होते आणि मग गाव.

तिसरा धडा असईचा. २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांची फौज उभी. वाटाडे म्हणाले, जवळपास नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे समोरासमोर दुसरे गाव. त्याने ताडले की, दोन गावे अशी आमनेसामने वसली आहेत त्या अर्थी माणसांची येजा असणार, म्हणजे उतार असणारच. उतार होता. ही बुद्धी कवायतीच्या पुस्तकातली नाही, ती खेड्याकडे नीट पाहणाऱ्याची आहे.

असईला शिंद्यांचे गोलंदाज ज्या तऱ्हेने लढले, ते इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. तोफ सोडून कुणी हलला नाही. संगिनीने भोसकले जाईपर्यंत ते बत्ती देत राहिले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांनी तोफा मागून त्यांच्यावर फिरवल्या. इंग्रजांचे १,५८४ लोक मेले, जखमी वा बेपत्ता झाले, म्हणजे मैदानात उतरलेल्या त्यांच्या कवायती फौजेच्या सुमारे एक तृतीयांश. शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या. त्या गोलंदाजांची नावे कुठे कोरलेली नाहीत. म्हातारपणी वेलिंग्टनला कुणी विचारले की, लढाईतली तुमची सर्वांत मोठी कामगिरी कोणती? त्याने वॉटर्लू म्हटले नाही. तो म्हणाला, असई.

मग येतो नेपोलियनचा पडता काळ आणि इथे दोन्ही धागे एकत्र येतात.

नेपोलियनचे बळ वेगात होते. १८०५ मध्ये इंग्लंडसमोरच्या किनाऱ्यावर बसलेली दोन लाखांची फौज त्याने सहा-सात आठवड्यांत डॅन्यूब नदीपर्यंत नेली आणि उल्म इथे ऑस्ट्रियाच्या सेनापतीला लढाईआधीच कोंडले. हे कसे जमले? फौजेचे तुकडे वेगवेगळ्या रस्त्यांनी जात, प्रत्येक तुकडीत पायदळ, घोडदळ, तोफा सगळे आणि खाणे वाटेतल्या गावांतून उचलायचे. मागे गाड्यांची लांबलचक रांग नाही. सुपीक, दाट वस्तीच्या जर्मनीत हे चालले. पण जिथे गावे विरळ, जमीन हलकी आणि माणसे चिडलेली, तिथे? १८०८ मध्ये त्याने स्पेनच्या गादीवर आपला भाऊ बसवला. गावोगाव लोक उठले. वेलस्ली पोर्तुगालमध्ये लढला तो खेचरांचे तांडे, बैलगाड्या आणि रोकड पैसा यांच्या बळावर. इथे शिकलेला धडा त्याने तिथे जसाच्या तसा गिरवला. १८१० च्या हिवाळ्यात लिस्बनबाहेरच्या तटबंदीमागे इंग्रज फौज पोटभर जेवत होती आणि बाहेर मार्शल मासेनाची फौज उपाशी मरत होती. मार्चमध्ये मासेना मागे फिरला. तट चढायची वेळही आली नाही.

रशियाचे तर सगळ्यांना ठाऊक आहे. जून १८१२ मध्ये सहा लाखांच्या आसपास फौज घेऊन तो निघाला, १४ सप्टेंबरला मॉस्कोत शिरला, १९ ऑक्टोबरला परत फिरला. बर्फाने फौज मारली असे आपण शाळेत शिकलो. पण घोडे त्याआधीच, ऐन उन्हाळ्यात, वैरणीवाचून हजारोंनी मेले होते. ज्याच्याकडे जनावर नाही, त्याच्या तोफा कोण ओढणार?

वॉटर्लूच्या सकाळी एक सेनापती त्याला वेलिंग्टनबद्दल सावध करत होता. नेपोलियनने ते उडवून लावले, ही लढाई म्हणजे न्याहारी खाण्याइतकी सोपी आहे असे तो म्हणाला. हिंदुस्थानात शिपायांच्या फौजा चालवून नाव कमावलेला माणूस म्हणून तो वेलिंग्टनला कमी लेखत असे. कमी लेखले कुणाला? नगर, असई आणि आडगावच्या रानात तावून निघालेल्या माणसाला. संध्याकाळी प्रशियाची फौज आली आणि सगळे संपले. ५ मे १८२१ रोजी सेंट हेलेना बेटावर, ५१ व्या वर्षी, नेपोलियनने प्राण सोडला.

आता तिसरी गोष्ट : वारसा. इथे डोळे उघडे ठेवून बोलले पाहिजे. ज्या माणसाला क्रांतीने वर आणले, त्याने वर्तमानपत्रे बंद पाडली, भावांना राजे केले आणि १८०२ मध्ये फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी पुन्हा आणली. कर्तबगारीने पद, हे तत्त्व ज्याने युरोपला शिकवले, त्यानेच नात्याने मुकुट वाटले. त्याच्या लढायांत लाखो माणसे गेली. ही रक्कम त्याच्या खात्यावर मांडलीच पाहिजे.

पण मग टिकले काय? जिंकलेला मुलूख तर एकही टिकला नाही. टिकले ते कार्यालयात बसून केलेले काम. १८०० मध्ये बँक ऑफ फ्रान्स आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले अधिकारी, १८०२ मध्ये सरकारी विद्यालये आणि २१ मार्च १८०४ रोजी नागरी कायद्याची संहिता. त्याआधी फ्रान्समध्ये दर प्रांताची रूढी वेगळी. चार कायदेपंडितांनी मसुदा केला, शंभरावर बैठकांत तो तपासला गेला आणि निम्म्याहून अधिक बैठकांना नेपोलियन स्वतः अध्यक्षस्थानी होता. जन्माने कुणी उच्च नाही, मालमत्तेची वाटणी सर्व मुलांत, कायदा साध्या माणसाला वाचून कळेल अशा भाषेत. त्याच संहितेने बायकोला नवऱ्याच्या आज्ञेत ठेवले, हेही लक्षात असू द्या. आपल्या लढायांपेक्षा ही संहिताच मागे उरेल, असे तो सेंट हेलेनावर म्हणाल्याचे त्याच्या सोबत्याने नोंदवले आहे.

महादजींच्या पलटणी आणि नेपोलियनची संहिता यांत हा फरक आहे. पलटणी माणसांबरोबर गेल्या. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात नगरचा किल्ला शिंद्यांच्या हातून सुटला. पूर्वापार चालत आलेली काही गावे त्यांच्याकडे ठेवली, त्यांत जामगाव होते आणि तेव्हाच्या कागदांत चांभारगोंदे म्हणून येणारा आपला श्रीगोंद्याचा परगणाही होता. अट अशी की, वसुलीच्या निमित्तानेसुद्धा तिथे फौज आणायची नाही. ज्या घराण्याने दिल्लीच्या बादशहाला गादीवर सांभाळले, त्याला आपल्या जहागिरीत शिपाई आणायची मुभा उरली नाही.

संहिता मात्र फिरत राहिली. बेल्जियम, इटली, स्पेन, पोर्तुगाल आणि पुढे दक्षिण अमेरिका. पोर्तुगालने १८६७ मध्ये आपली नागरी संहिता केली ती याच वळणाची आणि १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी तो कायदा राहिला. आज पेडणे, डिचोली, सत्तरीकडे आपले सोयरेधायरे आहेत. त्यांना विचारून पाहा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समाईक धरतात, बायकोच्या सहीवाचून नवऱ्याला जमीन विकता येत नाही आणि बापाच्या मनात आले म्हणून मुलीला वारसातून पुरती वगळता येत नाही. मुलांचा निम्मा हिस्सा कायद्यानेच राखून ठेवलेला असतो. इकडे घाटावर, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ साल उजाडावे लागले, देशभर २००५. आणि आजही दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जाते, तेव्हा तिला हिस्सा किती येतो हे आधी कुणी सांगितले होते का, हा प्रश्न या सभागृहातल्या प्रत्येक भावाने विचारण्यासारखा आहे.